दाताखाली न आलेली कच

ती डाळ मी तोंडात घातलीच नव्हती. अकरा वर्षे हे वाक्य मी कुणापाशी उच्चारले नाही. बायकोपाशी नाही, मालकांपाशी नाही, आणि ज्याला ते ऐकण्याचा पहिला हक्क होता त्या माणसापाशी तर नाहीच. त्या दिवशी मी कागदावर लिहिले, ‘डाळीत कच लागते. रोल नापास.’ खाली सही केली. त्या एका ओळीने एका कारागिराचे नाव गेले. आज मला राग येतो तो आधी माझा, आणि मग त्या सगळ्यांचा, ज्यांना माझी ती ओळ फार सोयीची वाटली.

ज्यांनी तुरीची डाळ फक्त ताटात पाहिली आहे, त्यांच्यासाठी थोडे सांगायला हवे. तुरीचे साल काढणारा रोल म्हणजे आडवे ठेवलेले लोखंडी पिंपच. त्याच्या अंगावर कुरुंदाच्या खरखरीत भुकटीचा जाड थर बसवलेला असतो. तूर त्याला घासत पुढे सरकते आणि साल सोडते. काही आठवड्यांत थर झिजतो, मग रोल पुन्हा भरावा लागतो. भरणाऱ्याचा हात चुकला तर थराचे कण सुटतात आणि डाळीत उतरतात. खाणाऱ्याच्या दाताखाली कच येते, आणि मिलचे नाव बाजारातून उठते.

म्हणून आमच्याकडे जुनी रीत आहे. नव्याने भरलेल्या रोलावरून निघालेल्या डाळीची पहिली मूठ मिलच्या खरेदीच्या माणसाने चावायची. कच्ची, बिनमिठाची, सावकाश, पूर्ण मूठ. परीक्षा करणारी यंत्रे आता आली आहेत, पण उदगीर आणि लातूरच्या मिलवाल्यांचा विश्वास अजून दातांवरच आहे. उदगीरच्या आमच्या डाळमिलमध्ये तो खरेदीचा माणूस मी. तेव्हाही होतो, आजही आहे.

आमचे रोल भरायला मिस्त्री देगलूरहून येत. लाकडी पेटी, त्यात थर थापायच्या दोन करण्या, एक लोखंडी पट्टी आणि चाळण्या. भुकटी, पांढरी माती आणि क्षाराचे पाणी यांचे प्रमाण त्यांनी कधी कागदावर लिहिले नाही. क्षाराचे पाणी तयार झाले की बोट बुडवून जिभेच्या टोकाला लावत, थुंकत, आणि म्हणत, “आजून कवळं हाय.” पुन्हा क्षार घालत. जिभेला पटेपर्यंत रोलाला हात लावत नसत. लातूर, उदगीर, मुखेड, नांदेड इथल्या कितीतरी मिलचे रोल त्या जिभेवर चालत होते. आणि ते एकटे नव्हते. लोह्याकडे एक होते, निलंग्यात दोघे भाऊ होते. एकाला ताप आला तर दुसरा येई. त्याला आम्ही कधी व्यवस्था म्हटले नाही. नुसते चालले होते, आणि चालणाऱ्या गोष्टीला नाव देण्याची गरज कुणाला वाटली नव्हती.

मग एका मोठ्या कंपनीचा प्रतिनिधी आला. तयार रोल, चकचकीत, वेष्टनात बांधलेले. झिजलेला रोल परत द्यायचा, भरलेला घ्यायचा. भुकटी समुद्रापलीकडच्या एका देशातली, तिथल्याही एकाच भागातली. इतकी बारीक, इतकी एकसारखी की आपल्याकडची तिच्यापुढे मातीच, असे तो म्हणाला. अट एकच होती. मिलने सगळे रोल त्यांचेच घ्यायचे, बाहेरचा एकही नाही.

आमचे मालक तेव्हा नुकतेच वडिलांच्या खुर्चीवर बसले होते. मला काका म्हणत. त्यांनी मला बाजूला घेतले.

“काका, मिस्त्रीला उगंच काढलं तं मोंढ्यात बोभाटा होईल. बापाच्या काळचा माणूस काढला म्हणतील. काही कारण सापडलं तं बरं.”

“रोल चांगले आहेत त्यांचे,” मी म्हणालो.

“आसतील. पण उद्या मिस्त्रीचा नवा रोल चालू व्हतोय ना? तुमी चावणारच हाव की.” एवढे बोलून ते हसले. ते हसू मी ओळखले, आणि मान हलवली. मान हलवणे हा माझा स्वभाव आहे. लोक त्याला सौजन्य म्हणतात. मी आता त्याला दुसऱ्या नावाने ओळखतो.

दुसरा दिवस श्रावणी सोमवार होता. आमच्या घरात तो उपास आजोबांपासून मोडलेला नाही. दुपारी वाटीत मूठभर डाळ माझ्या टेबलावर आली. धान्याचा दाणा तोंडात घालायचा नव्हता. सरळ गोष्ट होती. वाटी झाकून ठेवायची, मंगळवारी सकाळी चावायची. रोल एक दिवस थांबला असता तर आभाळ कोसळले नसते. पण संध्याकाळी पाचला प्रतिनिधी येणार होता, आणि मालकांना त्याच्यासमोर कागद हवा होता. मी वाटीकडे पाहिले, कागद ओढला आणि लिहिले.

नंतर घरी गेलो, आंघोळ केली, कपाळावर भस्म लावले, पूजा केली आणि उपास सोडला. त्या दिवशी मी उपास काटेकोर पाळला होता. एक दाणाही जिभेला शिवला नव्हता. त्याच तोंडाच्या साक्षीवर मी एका माणसाचा हात खोटा ठरवला होता. देवापुढे मान खाली घालून बसलेला तो चाळिशीतला गृहस्थ मला आजही दिसतो, आणि त्याची गचांडी धरून त्याला उठवावेसे वाटते.

मिस्त्री मंगळवारी आले. भांडायला आले नव्हते. विचारायला आले होते. मलाही ते मालकच म्हणत.

“मालक, कच बारीक लागली का जाडी?”

“लिहिलंय मी. लागली.”

“न्हाई, तसं न्हाई. बारीक आसंल तं भुकटीत दोष हाय, जाडी आसंल तं माझ्या हातात. तेवढं सांगा फकस्त.”

बारीक म्हटले असते तर त्यांनी दुसरी भुकटी आणून त्याच रात्री रोल पुन्हा भरला असता आणि सकाळी वाटी माझ्यासमोर धरली असती. बोलणे संपवायचे होते. मी म्हणालो, “जाडी.”

त्यांनी स्वतःच्या तळहाताकडे पाहिले. पेटी उचलली आणि निघून गेले.

पुढचे सगळे फार लवकर झाले. मोंढ्यात, म्हणजे आमच्या धान्यबाजारात, बातमीला पाय फुटायला वेळ लागत नाही. ‘देगलूरच्या मिस्त्रीचा हात गेला’ हे मी स्वतः तीन जणांकडून ऐकले, आणि तिन्ही वेळा मान हलवली. वर्षभरात लातूरच्या मिल कंपनीकडे गेल्या, मग नांदेडच्या. कंपनीचा रोल थोडा वेगळ्या मापाचा होता. तो बसावा म्हणून आम्ही आमच्या यंत्रांच्या बैठकी कापून घेतल्या. ते काम मी उभे राहून करून घेतले. म्हणजे जुन्या मापाचा रोल भरायला उद्या कुणी मिळाला असता तरी तो आता बसला नसता. आपल्या यंत्राचे माप आपण परक्याच्या हाती दिले, आणि त्या दिवशी मिलमध्ये पेढे वाटले. लोह्याच्या मिस्त्रीने धंदा सोडला. निलंग्याचे भाऊ फरशीच्या कामावर लागले. मला या गोष्टी कळत होत्या. त्यांवर मी ‘काळ बदलला’ असे म्हणत असे. किती घाणेरडे वाक्य आहे ते! त्यात कुणी काही केलेलेच नसते.

अकरा वर्षे रोल येत राहिले. मग एका महिन्यात ते आले नाहीत.

आधी कंपनीने सांगितले, आठवडाभर उशीर आहे. मग सांगितले, भुकटी ज्या भागातून येते तिथल्या भट्ट्या बंद ठेवल्या आहेत. केव्हा सुरू होतील सांगता येत नाही. मग त्यांनी फोन उचलणे सोडले. ऐन हंगाम होता. गोदामात तूर थप्पीला थप्पी लावून पडली होती, आणि मिलमध्ये झिजून गुळगुळीत झालेले रोल होते. त्यांच्यावरून तूर नुसती घरंगळत होती, साल काही सोडत नव्हती. डाळ निवडायला येणाऱ्या बाया रोज सकाळी फाटकाशी येऊन बसत. दहा वाजेपर्यंत बसत, मग उठून जात. त्यांतली एक वयस्कर बाई रोज मला विचारी, “दादा, आज बी न्हाई का?” सातव्या दिवशी तिने विचारणे सोडले, फक्त पाहिले. इतकी माणसे, इतके धान्य, इतकी यंत्रे, आणि सगळे अडकून पडले होते ते कुठल्याशा डोंगरातल्या भट्टीपाशी, जिचे नावही आमच्यातल्या कुणाला ठाऊक नव्हते. आणि तिच्यापाशी नेऊन अडकवणाऱ्यांत मी होतो.

लातूरला सगळ्या मिलवाल्यांची बैठक बोलावली गेली. मोठ्या शहरातून एक सल्लागार आला होता. पडद्यावर बाण आणि चौकटी दाखवत तो म्हणाला की पुरवठा एकाच ठिकाणी केंद्रित होणे धोक्याचे असते, साखळीत लवचीकता हवी, पर्यायी पुरवठादार तयार ठेवायला हवा. शब्द बरोबर होते. त्याच्यावर रागावण्याचे कारण नव्हते. मला संताप आला तो समोर बसून गंभीरपणे माना डोलावणाऱ्या आम्हा सगळ्यांचा. जणू ही विद्या आम्ही पहिल्यांदाच ऐकत होतो!

मागून एका मिलवाल्याने टोमणा मारला, “पर्याय व्हता की हो सायब. पेटी घिऊन दारात यायचा. चहा पाजून घालवला आमी त्याला.”

“चहा तरी कुठं पाजलास तू?” दुसरा म्हणाला. सगळे हसले.

लातूरचे एक वडीलधारे मिलमालक मात्र चिडले. “हसायला काय झालं? त्याच्या डाळीत कच लागत व्हती. आमच्या मुनीमानं बी तसंच लिव्हलं व्हतं.”

त्यांचे मुनीम माझ्या शेजारीच बसले होते. मी हळू आवाजात त्यांना विचारले, “तुम्ही चावून पाहिली होती का?”

ते माझ्याकडे आश्चर्याने पाहत राहिले. “मी कशाला चावू? तुमी चावली व्हती की. उदगीरवाल्या काकांनी नापास केला म्हणल्यावर पुन्हा काय बघायचं? तुमच्या शब्दावर तं सगळ्यांनी लिव्हलं.”

सल्लागार पडद्यावर एका चौकटीकडे बोट दाखवत होता. सगळे बाण त्या एकाच चौकटीतून निघत होते. तो भुकटीबद्दल बोलत होता. मला मात्र कळले की या साऱ्या मुलखाला एका माणसाबद्दलचे मत पुरवणारा मी एकटाच होतो. दहा-बारा मिल, दहा-बारा खरेदीचे जाणते लोक, प्रत्येकाच्या तोंडात बत्तीस दात. आणि एकानेही स्वतःची मूठ चावली नव्हती. मी सज्जन म्हणून ओळखला जातो, हळू बोलतो, उपास करतो, एवढ्यावर माझे खोटे खपले. माझ्या सज्जनपणाचा मला तेव्हा जितका तिरस्कार वाटला तितका आयुष्यात कशाचा वाटला नाही. आणि त्या मुनीमांचाही राग आला, कारण विश्वास हा शब्द वापरून आळस झाकता येतो हे त्यांना माझ्याइतकेच चांगले ठाऊक होते.

परतताना गाडीत मालक म्हणाले, “काका, देगलूरला जाऊन या. काय मागतील ते कबूल करा. कंपनीचेच झिजलेले रोल भरून द्या म्हणावं. जुन्या गोष्टी काढू नका.”

“जुन्या गोष्टी त्यांनी काढल्या तर?”

“तुमी काय लहान हाव का? सांभाळून घ्या.”

या वेळी मी मान हलवली नाही. एवढेच त्या दिवशी जमले.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीने देगलूरला गेलो. पत्ता शोधत फिरावे लागले नाही. ते आता पिठाच्या गिरण्यांचे दगड भरतात असे ऐकून होतो; तेवढे म्हटल्यावर स्थानकावरच्या पानवाल्याने वाट दाखवली. एका पिठाच्या गिरणीला लागून त्यांचे घर होते. गिरणी चालू होती, तिचा आवाज भिंतीतून येत होता. दारात त्यांच्या पत्नी होत्या. मूळच्या सीमेपलीकडच्या, तेलुगू असाव्यात. त्यांनी पाट पुढे सरकवला, “कूर्चोंडी, बसा,” म्हणाल्या आणि आत हाक मारली.

मिस्त्री आले. सत्तरीला टेकले होते. मला ओळखायला त्यांना क्षणभरही लागला नाही.

“या मालक. उदगीरचं पाणी आटलं का देगलूरला यायला?”

टोमणा गोड होता. मी हसलो नाही. कामाचे सांगितले; कंपनीचे रोल बंद झाले, मिल उभी आहे, तुम्ही या. ते पुढे वाकून माझ्या ओठांकडे पाहत ऐकत होते. मग उठले आणि म्हणाले, “आधी हे बघा.”

परसात भिंतीलगत पत्र्याचे डबे होते. दहा नव्हते, वीस नव्हते, भिंतभर होते. प्रत्येकात भाकरीएवढी एक घट्ट चकती, कुरुंदाच्या थराची. प्रत्येकीवर खडूने खुणा होत्या. एकीत माती कमी, एकीत क्षार जास्त, एक सावलीत वाळवलेली, एक ओल्या पोत्याखाली. त्या चकत्या ते दगडावर घासत, कण सुटतो का पाहत, आणि पुन्हा नवी करत.

“जाडी कच कशानं सुटली ते हुडकून राहिलो,” ते म्हणाले. “अकरा वर्सं झाली. एकीतून बी सुटंना. म्हंजे चूक मालात न्हाई. हातात हाय. पण हात कुठं चुकला ते घावंना.”

त्यांच्या पत्नी मागून म्हणाल्या, “रोज हेच चालतंय. देवाचं नाव घ्यायचं वय, अन् हे डबे घिऊन बसतेत. लेक म्हणली, मला शिकवा, मी रोल भरते. तिचा हात ह्यांच्यापरीस चांगला. तं हे म्हणले, माझ्याच हातात खोट हाय, तिला काय शिकवू? आता पोरगी नांदेडला कापडाच्या दुकानात उभी ऱ्हाती दिवसभर.”

मी त्या डब्यांपुढे उभा होतो. मला वाटत आले होते की मी त्यांचा धंदा बुडवला. धंदा तर बुडालाच होता. पण मी त्यांच्या हातात एक चूक ठेवून आलो होतो, जी कधी झालीच नव्हती, आणि एका प्रामाणिक माणसाने अकरा वर्षे ती शोधली होती. माझ्या ‘जाडी’ या एका शब्दावर लेकीची वाट अडली होती. चोरी केली असती तर बरे झाले असते. चोरी झालेल्या माणसाला निदान एवढे तरी कळते की दोष आपला नाही.

मिस्त्री माझ्यासमोर येऊन बसले. “तर ऐका मालक. मी येतो. पैशाचं मागाहून बघू. पण आधी मला सांगा, त्या दिवशी दाताखाली काय आलं व्हतं? कशी कच व्हती? तुमच्याबिगर कुणाला ठावं न्हाई. चूक हुडकल्याबिगर मी रोलाला हात लावणार न्हाई. पुन्हा कच निघाली तर ह्या वयात मला त्वांड दाखवायला जागा ऱ्हायची न्हाई.”

सांभाळून घ्या, असे मालकांनी सांगितले होते. सांभाळणे सोपे होते. ‘जुनी गोष्ट, विसरा’ म्हटले असते, भुकटीवर ढकलले असते, तरी ते कदाचित गाडीत बसले असते. मिल सुरू झाली असती. आणि परसातले डबे वाढत राहिले असते.

मी म्हणालो, “कच नव्हती.”

“काय?”

“मिस्त्री, कच नव्हती,” मी पुन्हा म्हणालो. माझा आवाज नेहमीसारखाच होता, पूजेत बोलावा तसा.

त्यांनी कानामागे हात धरला. “मोठ्यानं बोला. चाळीस वर्सं मिलमधी गेली, कान खाल्ले यंत्रांनी. अन् ही गिरणी बी चालू हाय.”

त्यांच्या पत्नी म्हणाल्या, “वरडा जरा. त्याबिगर ऐकू येत न्हाई त्यांना.”

आयुष्यात मी कुणावर ओरडलो नाही. मला ते असभ्य वाटत आले. माझे खोटेही मी हळू आवाजातच बोललो होतो. एवढ्या हळू की ते सगळीकडे पोचले. मी उठून उभा राहिलो. पीठ न्यायला आलेली दोन माणसे आणि गिरणीवाला कुंपणावरून पाहत होते. पाहू देत, असे वाटले. ऐकू देत. छातीत इतक्या वर्षांचा जो राग साठला होता, तो एकदाचा त्याच्या खऱ्या धन्यावर, म्हणजे माझ्यावर, काढायचा होता. मी ओरडलो. गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू जाईल इतक्या मोठ्याने ओरडलो:

“मिस्त्री, तुमच्या रोलात कच नव्हती! बारीक नव्हती, जाडी नव्हती! मी ती डाळ चावलीच नाही. माझा उपास होता, आणि मालकांना कारण हवं होतं, म्हणून मी न चाखता खोटं लिहिलं. तुमच्या हातात खोट नाही, कधीच नव्हती. खोट माझ्यात होती. मी उदगीरच्या मोंढ्यात उभा राहून हेच सांगीन, लातूरला सांगीन, नांदेडला तुमच्या लेकीला जाऊन सांगीन. तुम्ही रोल भरायला या नाहीतर येऊ नका. पण मिस्त्री, मी तुमचा गुन्हेगार आहे. मला माफ करा.”